लाजरी बंद का झाली

"जे आपल्याला आवडतं, नेमकं तेच बंद करतात मेले कंपनीवाले!" सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात असं रोज कोणी ना कोणी म्हणतंच. बरं, खप नव्हता म्हणावं तर तसंही नाही. 'लाजरी' लिपस्टिकची पेटी दुकानात उतरायचा अवकाश, की रिकामी व्हायची. तरी ती बंद झाली. का, ते दोन बहिणींना ठाऊक.

धाकटी त्या कारखान्यात रंग जुळवायची. लिपस्टिकचा नवा घाणा तयार झाला की त्याचा ठिपका मूळ नमुन्याशी ताडून पाहायचा आणि 'जुळला' म्हणायचं. तिने मान हलवल्याशिवाय साचे भरत नसत. बाकी सगळ्या रंगांचे नमुने कपाटात होते, लाजरीचा मात्र घरी होता. थोरल्या बहिणीच्या, ताईच्या ओठांचा रंगच असा की न लावता लावल्यासारखा. धाकटीने तो डोळ्यांनी टिपून उतरवला होता. दर घाण्याचा ठिपका ती ताईच्याच खालच्या ओठावर लावायची. ओठात दिसेनासा झाला, की जुळला.

"मी काय तुमच्या कंपनीचं कपाट आहे का गं?" म्हणत ताई हसायची आणि ओठ पुढे करायची. आईच्या मागे तिनेच धाकटीला लहानाचं मोठं केलेलं. नाही म्हणणं तिला जमतच नसे.

बायकांनी लाजरी डोक्यावर घेतली. "लावली की ओठ जिवंत दिसतात," म्हणायच्या.

आणि ताईचे ओठ पांढरे पडू लागले. सकाळी, बायका आवरून कामाला निघायच्या वेळेला, अगदी कागदासारखे. संध्याकाळी घरोघर तोंडं धुतली जायच्या सुमाराला पुन्हा गुलाबी. पुढे खप वाढला तसा संध्याकाळचा रंगही फिकाच परतू लागला. हातपाय गार पडू लागले. जिना चढताना ती मधेच बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त तर माझ्यापेक्षा चांगलं आहे यांचं!"

एका सुट्टीच्या सकाळी धाकटी आरशासमोर लाजरी लावत होती. मागे ताई चहा पीत बसलेली आरशात दिसत होती. धाकटीने खालच्या ओठावरून कांडी फिरवली, तसा आरशातला ताईचा ओठ एका कडेपासून पांढरा होत गेला. कांडी थांबली, तो पांढरेपणाही तिथेच थांबला. धाकटीने घाईघाईने रुमालाने ओठ पुसला. ताईचा रंग परत आला.

कप बशीत ठेवत ताई म्हणाली, "तुलाही दिसलं ना? मला वाटलं, मलाच भास होतात."

"कधीपासून हे?"

"कोणीतरी ओठावरून बोट फिरवल्यासारखं वाटतं गं. सकाळी तर नुसती गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी धाकटी मॅनेजर खपसाहेबांपुढे उभी राहिली. उठता बसता खप, म्हणून कारखान्यात त्यांना तेच नाव पडलं होतं.

"साहेब, लाजरी बंद करा."

"बाई, ताप आलाय का? दुप्पट काढायचीय आता. आमच्या सौभाग्यवतीसुद्धा तीच लावतात. लाजरी बंद झाली तर मलाच घराबाहेर काढतील!"

धाकटी आपल्या टेबलाशी आली. उभ्या आयुष्यात तिने रंगाच्या बाबतीत खोटं सांगितलं नव्हतं. तिने डोळे मिटून हात जोडले. 'देवा, हे डोळे तू दिलेस, आज त्यांना खोटं बोलायला लावते. शिक्षा मला कर, तिला नको.' आणि म्हणाली, "जुळत नाही."

घाणा वितळवला. दुसरा आला. "जुळत नाही." तिसऱ्यालाही तेच म्हटल्यावर खपसाहेब तणतणत आले. "मूळ नमुना आणा. मी स्वतः बघतो."

"नमुना घरी आहे, साहेब," धाकटी म्हणाली, आणि ताईला घेऊन आली.

ताई दिव्याखाली खुर्चीत बसली. साहेबांनी तिचे ओठ पाहिले, मग धाकटीकडे पाहिलं. चेष्टा समजून त्यांनी बोटावर ठिपका घेतला आणि तिच्या ओठाला लावला. पांढऱ्यावर तो भडक उठला. मग हळूहळू आत जिरला, तहानेल्या मातीत थेंब जिरावा तसा, आणि तेवढ्या जागी ओठ गुलाबी झाला. साहेबांनी बोट पँटला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"आमच्या घरी..." एवढंच म्हणून ते निघून गेले.

लाजरी बंद झाली. 'कच्चा माल मिळत नाही,' असं दुकानांना कळवलं. ते काही खोटं नव्हतं.

काही महिन्यांत ताई जिना एका दमात चढू लागली. रंग सकाळीही टिकू लागला. एकदा दोघी कंगवा घ्यायला दुकानात गेल्या. दुकानदारीणबाई धाकटीला ओळखून लटक्या रागाने म्हणाल्या, "तुमच्या कंपनीने छळलं हो! पण मी खमकी. हे बघा." त्यांनी गल्ल्याखालचा खण ओढला. लाजरीच्या कांड्याच कांड्या. एक उघडून त्यांनी हौसेने ओठांवर फिरवली.

शेजारी ताईने हलकेच डोळे मिटले.

"द्या, सगळ्या द्या मला! म्हणाल ती किंमत देते," धाकटी ओरडलीच.

"छे! बंद झाली म्हणून तर जपून लावते. आमच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा घरी किती भरून ठेवल्यात!"

धाकटी खणावर झेपावणार, तोच मनगटावर ताईचा हात पडला. बर्फासारखा गार. पांढऱ्याफटक ओठांनी ताई हसत होती.

"लावू दे गं," ती म्हणाली. "किती शोभतंय बघ तिला."