खिडकीजवळची सवत

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला तो कारखान्यातल्या खिडकीवरून. वीस वर्षं त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी शर्टांची काजं हाताने केली होती, आणि आता त्या जागी काजांची मशीन येऊन बसली होती.

"उजेड हिला कशाला हवा?" त्या फणकारल्या. "हिला डोळे आहेत का?"

"सवत आली की चांगली जागा तिलाच मिळते, मावशी," कॉलरवाली म्हणाली, आणि शिवणाऱ्या सगळ्या बायका खदखदून हसल्या.

मावशी हसल्या नाहीत. पूर्वी गिऱ्हाईक आलं की मालक त्यांच्या हातातला शर्ट घेऊन मिरवायचा, "बघा, याला म्हणतात काज!" आता तो गिऱ्हाइकाला थेट मशीनपाशी न्यायचा. रात्री घरी जाताना मशीनवर मऊ घोंगडी घालायचा. मावशींनी थंडीत पायांखाली सतरंजी मागितली होती, तेव्हा "बघू" म्हणाला होता. ते बघणं अजून चालूच होतं.

त्यातही मनात सलत होतं ते वेगळंच. मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकने मावशींचीच दहा काजं मोजपट्टीने मोजली होती आणि टाक्याटाक्यातलं अंतर मशीनला तसंच लावून दिलं होतं. ती दहा काजं मावशींनी हौसेने, जीव ओतून करून दिली होती. मग मशीनने त्यांचं दिवसभराचं काम तासाभरात उरकलं, आणि काज अगदी त्यांचंच. आपली बांगडी दुसरीच्या हातात दिसावी तसं त्यांना झालं.

जळत होत्या त्या एकट्या मावशीच, असं मात्र नाही. मशीन पाहून शेजारच्या कारखानदाराच्याही पोटात दुखलं. त्याने दोन आणल्या, म्हणून त्याच्या पलीकडच्याने चार. वर्षभरात गल्लीत इतके शर्ट तयार झाले की घालायला माणसं पुरेनात. गठ्ठे छताला टेकले, भाव पडला, आणि पडलेला भाव भरून काढायला जो तो आणखी शिवत सुटला. इथल्या सहा काजवाल्यांपैकी पाच घरी गेल्या. महागड्या शर्टांपुरत्या मावशी तेवढ्या उरल्या. शेवटी मालकाने सांगून टाकलं, की इथलं काम बंद, मशीन दुसऱ्या गावी जाणार. तिथे बायका निम्म्या मजुरीत येतात.

बायकांनी कारखान्याचा जिना अडवला. मशीन आत आहे तोवर मालकाला बोलणी करायला यावंच लागेल, एवढं सगळ्यांना कळत होतं. मशीनजवळ पहाऱ्याला कोण बसणार, हा प्रश्नच नव्हता.

"मावशीच! त्यांची नजर हिच्यावरून हलते कुठे?"

मावशी मशीनला पाठ टेकून बसल्या. खोटं कशाला बोला, खिडकी परत मिळाल्याचं त्यांना बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालक आला. "बोलायला आलोय," म्हणाला, म्हणून बायकांनी वाट दिली, तर त्याच्या मागोमाग चार हमालही आत शिरले.

"सांभाळून उचला हं," तो हमालांना म्हणाला. "धक्का लागता कामा नये. नाजूक आहे ती."

वीस वर्षांत मावशींना कुणी नाजूक म्हटलं नव्हतं. त्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"मग मलाही न्या. हिला नेताय तिथे."

दारातल्या कॉलरवालीने मावशींकडे असं पाहिलं की त्यांना मान वर करवेना.

मालक गडबडला, मग समजुतीने म्हणाला, "तुम्हाला नेऊन काय करू, मावशी? तुमचं काज हिच्यात आहेच की."

तो हे मायेनेच बोलला, आणि म्हणूनच ते फार लागलं. मावशींना रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. त्या उठल्या. मशीनवरची घोंगडी त्यांनी खस्सकन ओढली, दाराच्या उंबऱ्यावर अंथरली आणि कॉलरवालीचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. घोंगडी खरंच मऊ होती.

"आता न्या तिला," त्या हमालांना म्हणाल्या. "पण आधी आम्हाला उचला. आणि सांभाळून हं. धक्का लागता कामा नये."