गर्दीच्या खोक्यातला तीळ

मी तीळ बोलतोय. डब्यातला नव्हे, झाड झालेला. वसईच्या एव्हरशाईन सिटीत, बाल्कनीच्या ग्रिलमागे, थर्माकोलच्या खोक्यात वाढलेला. माझी पानं पिवळी पडली म्हणून एका बाईला रात्रभर झोप लागली नाही, हे ऐकून माझं मलाच नवल वाटलं होतं.

ती बाई म्हणजे विनया. प्रयोग खरं तर तिच्या सहावीतल्या मुलीचा, उन्नतीचा. तीळ दाट पेरला तर जास्त पिकतो की विरळ, हे तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सांगायचं होतं. बी तिच्या बाबांनी, परेशने, चांदीप गावच्या शेतातून आणलं. खोकी दोन, एक दाट पेरलेलं, एक विरळ. माती तीच, आणि युरियाही दोन्हींना सारखाच, चिमूटभर.

मी उगवलो विरळ खोक्यात. पण तिथे वीतभर अंतर ठेवून मधली रोपं काढायची होती. उन्नतीने मला उपटलं.

"अगं, जिवंत आहे तो!" विनया ओरडली.

"आई, तीळ आहे तो."

"म्हणून काय झालं?"

आणि तिने मला उचलून गर्दीच्या खोक्यात खोचलं. कसाबसा जगलो. तिथे अंगाला अंग लागत होतं. उन्हासाठी जो तो नुसता वर पळत होता, मीही. समोर माझे जुने शेजारी मात्र बुडापासून फांद्या फोडत ऐसपैस बसले होते. एकाच पुडीतलं बी, मग असं का? मी दिवसभर बघत राहायचो.

मग आमची पानं पिवळी पडली.

"किती बारीक दिसतायत गं. थोडा युरिया जास्त घालू?" विनया म्हणाली.

"नाही! शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, दोन्हींना सारखंच."

"सारखं कसं? अशक्त आहेत ना ही." बोलता बोलता तिने मूठ रिकामी केलीसुद्धा.

"जेवायला वाढतेस तसंच खत वाढतेस तू," आतून परेश म्हणाला.

खरं सांगतो, बरं वाटलं. हिरवागार झालो, उंच झालो आणि ग्रिलवर कलंडलो. पानंच पानं. बोंडं मात्र शोधावी लागत होती. माणसांचं मला कळत नाही. पान हिरवं दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, बोंडं कुणी मोजत नाही.

आज आम्ही वाळलो. उन्नतीने आम्हाला वर्तमानपत्रावर उलटं धरून झटकलं. समोरच्यांची वाटी भरली. आमच्या वाटीचा तळही नीट झाकला नाही.

ती दोन्ही वाट्यांकडे बघत बसली. "हे गर्दीमुळे झालं की युरियामुळे? सोमवारी बाईंनी विचारलं तर काय सांगू?"

विनया तिथेच लादीवर बसली. "सगळा घोळ मीच घातला ना गं? मला मेलीला हात आवरतच नाही."

मी आता रिकामा झालो, थोड्या वेळात कचऱ्यात जाईन. जाण्याआधी एवढंच म्हणतो, तिला रागावू नका. तिने उचललं नसतं, तर हे सगळं बघायला मी उरलोच नसतो.

उन्नती रागावली नाही. तिने पेन्सिलीचं टोक चावलं, आईकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तीन खोकी करू. एक विरळ, एक गर्दीचं आणि एक तुझं."