चुनखडीचा खडा

"हा माठ घ्या परत. आठ दिवस झाले नाहीत नेऊन, तर बुडाची खपली उडाली," असं म्हणत शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या आणि थोरल्या कुंभारानं मान खाली घालून माठ हातात घेतला.

तीन वर्षं हेच चाललं होतं. माठ भट्टीतून खणखणीत निघायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी पाणी प्यायला की खपल्या टाकायचा. चाळीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं. म्हाताऱ्याची झोप उडाली, खाल्लेलं अंगी लागेना, रक्तदाब चढला, बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आजोबा, कसली काळजी करता एवढी?"

"माझा हात गेला, बाई."

हे बोलणं मुळात धाकट्या भावाचं. थोरल्याची कंबर गेल्यापासून दोघांची माती तोच खणायचा, तोच चाळायचा. परत आलेला माठही मागे नेऊन फोडून टाकायचा, "तुला बघवायचं नाही, दादा," म्हणून. संध्याकाळी कंबरेला तेल चोळता चोळता म्हणायचा, "हात गेला तुझा. बापाचं चाक मला दे नि आराम कर." असा भाऊ नशिबानं मिळतो, असं थोरला गावभर सांगायचा. सोमवारी चाक द्यायचं ठरलंही होतं.

आज मात्र धाकटा बाजाराला गेला होता. थोरल्यानं माठ उलटा केला. खपली उडाली होती तिथे मोहरीएवढा पांढरा खडा. चुनखडी. मातीत राहिली तर भट्टीत भाजते, मग पाणी लागलं की फुगून खपली उडवते; कुंभाराच्या पोरालाही कळतं ते.

तो भिंतीला धरत मागच्या छपरात गेला. गोणपाटाखाली दोघांच्या मातीचे दोन ढीग. धाकट्याच्या ढिगात हात घातला, तर माती लोण्यासारखी. आपल्या ढिगात घातला, तर बोटांना टोचलं. इतके दिवस टोचायचं, तेव्हा त्याला वाटायचं मुंग्याच आहेत. शेजारी चाळणीतल्या खड्यांची पाटी होती. निम्मी रिकामी, आणि निम्मे खडे थोरल्याच्याच ढिगावर पसरलेले.

धाकटा आला तेव्हा थोरला ती पाटी मांडीवर घेऊन बसला होता.

"बापाचं चाक मागितलं असतंस, तर तसंच दिलं असतं रे."

"मागितलं होतं की. दहा वर्षांपूर्वी. हसलास तू."

थोरल्याला ते आठवेना. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"म्हणून मला वेड्यात काढलंस? तेल चोळायचास तू मला."

धाकट्यानं कोपऱ्यातलं फावडं घेतलं. संध्याकाळपर्यंत त्यानं आपला ढीग उचलून पलीकडच्या गल्लीत नेला.

मग थोरल्याची बायको, म्हातारी, माती चाळायला लागली. वर्ष झालं, एक माठ परत आला नाही. शिंपीणबाई तर दोन घेऊन गेल्या. रक्तदाब मात्र होता तिथेच.

"आता काळजी मिटली ना, आजोबा? मग हा उतरत का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आता खडा काढून काय उपयोग, बाई," तो शर्टाची बाही खाली घेत म्हणाला. "माठ भाजून झाला."

घरी येऊन तो चाकावर बसला. उन्हं कलली तशी कंबर भरून आली. तेलाची बाटली कोनाड्यात होती. म्हातारी घ्यायला उठली, तर म्हणाला, "राहू दे. सवय होईल."