माझ्या टाचेखालचं नाव

बंदूक बोलायला लागली की माणसं दचकतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी एक म्हातारी लष्करी रायफल आहे आणि कागदाच्या निशाणांखेरीज आजवर मी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

जन्म १९४३ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातला. आजूबाजूला सगळीकडे युद्ध पेटलं होतं, पण मला घडवणाऱ्यांना घाई नव्हती. एखादं घड्याळ जुळवावं तसं त्यांनी मला जुळवलं. अक्रोडाचा दस्ता हाताने घासला, गोळी आत सरकवणारा बोल्ट पुनःपुन्हा ओढून पाहिला. इतकी मेहनत कशासाठी, तर मी कुणा खेडुताच्या खांद्यावरून चिखलात लोळावं म्हणून! याचं मला अजून नवल वाटतं.

तो खेडूत म्हणजे आलोइस इमहोफ, डोंगरात चीज करणाऱ्या घरातला. आलोइस डावखुरा होता. माझा बोल्ट उजवीकडे, त्यामुळे दर गोळीला तो डावा हात माझ्या डोक्यावरून पलीकडे नेई आणि हवालदार त्याच्यावर खेकसे. बुटांना बर्फ चिकटला की तो माझ्या दस्त्यावर बूट आपटून पाडायचा. सगळेच शिपाई तसं करायचे, पण आलोइसचे बूट फार मोठे होते. त्याच्या पायी माझा दस्ता खरचटून निघाला.

त्या देशात शिपाई घरी निघाला की रायफलही त्याच्याबरोबर घरी जाते. तीस वर्षं मी त्याच्या कपाटात, जाड लष्करी कोटाशेजारी उभी होते. माझ्या दस्त्याच्या टोकाला एक लोखंडी पट्टी आहे, तिला मी माझी टाच म्हणते. तिच्याखाली आलोइसने, तिथले शिपाई ठेवत तशी, एक चिठ्ठी घडी करून ठेवली होती. नाव, गाव, जन्मसाल. तेवढीच माझी ओळख.

पुढे नवी शस्त्रं आली. मला शस्त्रागारात जमा केलं, तिथून खोक्यात आणि खोक्यातून जहाजाने अमेरिकेत. ओहायोतल्या एका दुकानात आम्ही दहाबाराजणी ओळीने उभ्या होतो, नव्या रायफलीच्या पाव किमतीत.

तिथे व्हर्नन स्टोल्ट्झ आला. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. त्याने माझा बोल्ट एकदाच ओढला आणि डोक्यावरची टोपी काढली. मी चक्क लाजले. दुकानदाराला तो म्हणाला, "एवढं सुबक काम आणि एवढ्याशा पैशात? मला तर चोरी केल्यासारखं वाटतंय." मग त्याने तीन रायफली उचलल्या. मी त्यातली तिसरी.

घरी त्याच्या बायकोने, डार्लीनने, आमच्याकडे पाहून विचारलं, "आता पलंगाखाली तुझ्या रायफली राहणार की माझ्या चपला?"

व्हर्ननला ऐकू कुठे येतंय! या छंदातल्या लोकांना एकच ध्यास असतो. स्विस रायफल आणली की आधी टाच उघडायची. व्हर्ननला दम निघेना. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तिघींचे स्क्रू एकदमच काढले. तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकेक चिठ्ठी ज्या त्या रायफलीवर ठेवून तो नुसता बघत राहिला. "डार्लीन, ही खरी माणसं आहेत गं," तो म्हणाला.

डार्लीन आली आणि उकडतंय म्हणून तिने पंखा लावला.

तिन्ही चिठ्ठ्या उडून शेगडीखाली गेल्या. व्हर्ननने पोटावर झोपून त्या बाहेर काढल्या, पण कुठली कुणाची ते देवाला ठाऊक. म्हणजे मलाही ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? माझं नाव माझ्यापासून वीतभर अंतरावर पडलं होतं आणि मला ते मागता येत नव्हतं.

व्हर्ननने तिन्ही पत्त्यांवर पत्रं पाठवली. महिने गेले, उत्तर आलं नाही. शेवटी डार्लीनच्या पलंगाचा प्रश्न निघाला आणि त्याने तिघींतली सगळ्यात खरचटलेली शेजारच्या लॉइडला देऊन टाकली. ती मी. लॉइडला हरणाच्या शिकारीसाठी आटोपशीर रायफल हवी होती. दस्ता कापायचा, घासायचा आणि चकचकीत करायचा, असा त्याचा बेत.

शनिवारी त्याने मला गॅरेजमध्ये शिकंज्यात आवळलं आणि घासायचं यंत्र सुरू केलं. डाव्या बाजूचे साठ वर्षांचे डाग भुसा होऊन खाली पडले. खरं सांगते, मला बर्फ पाडणारे ते बूट फार आठवले.

तेवढ्यात व्हर्नन धापा टाकत आला. हातात पत्र होतं. "थांब लॉइड. यंत्र बंद कर."

"का रे? परत हवी झाली?"

व्हर्ननने पत्र वाचून दाखवलं. आलोइस जिवंत होता, एक्याऐंशीचा. नात रेगुलाकडून त्याने लिहवलं होतं, की माझ्यावर कोरलेला नंबर त्याला आठवत नाही, पण तो डावखुरा, त्यामुळे त्याचा गाल नेहमी दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकायचा. तिथे खूण असेल. व्हर्ननने आधी घरातल्या दोघी तपासल्या होत्या. त्यांची झीज डावीकडे होती.

लॉइडने मला शिकंज्यातून सोडवलं आणि उलटं केलं. उजवीकडे गालाएवढा काळसर, गुळगुळीत डाग होता. व्हर्ननने त्यावरून अंगठा फिरवला. "बापरे," लॉइड पुटपुटला, "दहा मिनिटांत हीपण बाजू गेली असती." मग तो व्हर्ननला म्हणाला, हिला तूच ठेवून घे. हरणासाठी दुसरी बघेन.

रविवारी व्हर्ननने फोन लावला. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे रेगुला भाषांतर करून सांगत होती. आलोइस म्हणाला, बोल्ट ओढून ऐकवा. व्हर्ननने मला मुद्दाम डाव्या खांद्याला लावलं, गाल त्या डागावर टेकवला आणि हात डोक्यावरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढला. डार्लीनने फोन माझ्याजवळ धरला होता.

मग रेगुला म्हणाली, "आजोबा म्हणतायत, फार हळू ओढता तुम्ही." आणि थोड्या वेळाने, "ते म्हणतायत, तीस वर्षांत ही कुणालाही लागली नाही. तुमच्याकडेही कुणाला लागू देऊ नका."

"त्यांना सांग, नाही लागू देणार," व्हर्नन म्हणाला.

माणसं पाहून मी थक्क होते. समुद्रापलीकडच्या अनोळखी म्हाताऱ्याला एक मेकॅनिक शब्द देतो, कशासाठी, तर कुणाला नको असलेल्या एका रायफलीसाठी!

आता मी व्हर्ननच्या कपाटात उभी आहे, माझी डावी बाजू नव्या लाकडासारखी उजळ आणि उजवी आलोइसची. चिठ्ठी परत टाचेखाली आहे. स्क्रू आवळण्याआधी व्हर्ननने तिच्याखाली आणखी एक कागद सारला. व्हर्नन स्टोल्ट्झ, ओहायो, १९३८.

तिसऱ्या कागदापुरती जागा अजून आहे. व्हर्ननच्या मागे मी ज्याच्या हाती येईन, त्याने टाच सावकाश उघडावी, दोन्ही नावं वाचावीत आणि तो शब्द पाळणार असेल, तरच खाली आपलं नाव ठेवावं. आणि कृपा करून आधी पंखा बंद करावा.