जय भीम आणि एकतीस हजार

कुंभार पिंपळगावच्या बेबीनंदाताईंना फसवणं सोपं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली होती. वजनकाट्यावर पोराला हळूच हात लावणारी आई त्यांच्या नजरेतून कधी सुटली नव्हती. पण फोनवरचा मूर्तीवाला पहिलंच "जय भीम, ताई" म्हणाला आणि ताई विरघळल्या. विहारातल्या बुद्धमूर्तीसाठी बायांनी मजुरीतून साठवलेले एकतीस हजार त्यांनी त्याच्या खात्यावर पाठवून दिले.

पंधरा मिनिटांत त्याने मूर्तीच्या विम्याचे आणखी पाच हजार मागितले, तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. पौर्णिमेला बायांना तोंड कसं दाखवायचं? गुपचूप पाटल्या मोडून पैसे भरावेत, असंही मनात आलं. पण जन्माची सवय आड आली. काहीही घडलं की ताई आधी रजिस्टरात लिहीत. फोन नंबर, वेळ, खातं, व्यवहार क्रमांक, सगळं त्यांनी लिहून काढलं. आणि लिहिलेलं लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

त्यांनी मंठ्याला वकिली करणाऱ्या भाचीला, साक्षीला, फोन लावला.

"मावशी, रडणं मंग कर. आधी सायबर पोलिसांचा १९३० लाव, जल्दी."

ताईंनी तिथे रजिस्टर घडाघडा वाचून दाखवलं. चोराच्या बँकेत एकोणतीस हजार अडकवले गेले. दोन हजार तेवढे त्याने आधीच पळवले होते. पोलिसांत तक्रार झाली. खरा दुकानदार असता तर त्याला ग्राहक आयोगात खेचता आलं असतं, साक्षी म्हणाली. इथे दुकानच खोटं, म्हणून अडकलेली रक्कम सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल. अर्ज तिनेच केला आणि फी म्हणून मावशीच्या हातचे धपाटे खाल्ले.

पौर्णिमेला ताईंनी विहारात उभं राहून सगळं सांगितलं, त्या जय भीमसकट. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ताईंचा जीव अर्धा झाला.

मग मागे बसलेली भावना म्हणाली, "ताई, मला त्यो जय भीम म्हणला असता तं म्या डोरलंबी काढून देलं असतं."

सगळ्या बाया हसत सुटल्या. ताई हसता हसता रडल्या.

दोन महिन्यांनी आदेश झाला, पैसे आले. उरलेले दोन हजार ताईंनी आपले घातले, शिकवणीची फी म्हणून.

मग साक्षीने शोधून दिलेल्या मूर्तिकाराचा, बुद्धभूषणचा, फोन आला. "जय भीम, ताई."

उलट जय भीम म्हणायला ताई कचरल्या. मग त्यांना रागच आला. चोराने दोन हजार नेले ते नेले, हा शब्दही त्याला द्यायचा की काय!

"जय भीम, दादा," त्या भरल्या आवाजात म्हणाल्या. "पैसे मात्र मूर्ती विहारात उतरल्यावर."