पीएच किती आला?

जमालचा व्हिडिओ कॉल कुवेतहून दुपारी यायचा, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "पीएच किती आला?" बायको कशी आहे, जेवली का, हे विचारायचं राहूनच जायचं. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये ताहिरा एकटी. मूलबाळ नाही, सासू-सासरे गेलेले. हॉलमध्ये काचेची टाकी, त्यात काळ्या मॉली. मासे त्याचे, हौस त्याची आणि निगा हिच्या गळ्यात!

"मग माशांशीच निकाह करायचा होता ना!" असं ती एकदा तोंडावर म्हणालीसुद्धा. तो हसला आणि पुन्हा पाण्यावर आला. पण माशांचा विषय संपला, की दोघांना बोलायला काही उरतच नसे. "बरं मग?" "हां, बरं." फोन बंद. म्हणून तीही मन लावून शिकली. टाकीतलं थोडं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंगावरून पीएच बघायचा. पिवळा म्हणजे आंबट, निळसर म्हणजे ठीक. नळाचं पाणी भलतंच मऊ, त्यात क्षार कमी, त्यामुळे पीएच एका जागी टिकेना. जमालने उपाय सांगितला, शिंपल्यांचा चुरा पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेव. "सावकाश विरघळतो तो. घाई करू नकोस."

तिनं उरणला माहेरी जाऊन शिंपल्या आणल्या, कुटल्या, ठेवल्या. तरी रंग पिवळाच. जमालचा चेहरा उतरायचा, फोनही आखूड व्हायचा. आधीच बोलणं ते केवढंसं!

शेवटी एका दुपारी फोनच्या जरा आधी तिनं खायच्या सोड्याचा डबा काढला. सोड्यानं पीएच चढतो, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. चिमूट पुरली असती, हिनं चांगला चमचाभर ओतला. रंग असा सुरेख आला म्हणता! "शाब्बास, ताहिरा!" जमाल एकदम खूश. त्या दिवशी तो मेसमधल्या खारट डाळीबद्दल बोलला, खोलीत घोरणाऱ्या माणसाबद्दल बोलला, तिच्या नव्या ड्रेसबद्दलसुद्धा त्यानं विचारलं. ताहिरा संध्याकाळभर गुणगुणत होती.

सकाळी सगळ्या मॉली उलट्या तरंगत होत्या. एका झटक्यात पालटलेलं पाणी त्यांना सोसलं नव्हतं.

तिनं त्या एकेक करून जाळीनं बाहेर काढल्या. माशांचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याहून धास्ती दुपारच्या फोनची. आता बोलायचं काय? खांदा कॉलनीतल्या दुकानातून तशाच मॉली आणाव्यात, असंही मनात आलं. पण जमाल एकेक मॉली ओळखायचा.

फोन वाजला. "पीएच किती आला?"

"मासे गेले," ती म्हणाली. "सगळे. मीच सोडा जास्त घातला. रंग बरोबर आला की तुम्ही जरा जास्त बोलता, म्हणून." आणि तिला रडूच फुटलं.

स्क्रीनवर तो तसाच होता, कामाच्या कपड्यांत, हातातला घास हातातच. मग घास ताटात ठेवून तो बोलायला काही शोधू लागला. तिनंही काही आठवून पाहिलं. एक शब्द सुचेल तर शपथ, दोघांनाही.

"ठेवू मग?" तिनं विचारलं.

"नको, नको," तो घाईनं म्हणाला. "सुट्टी आहे अजून." मग म्हणाला, "पाणी तरी दाखव."

तिनं फोन टाकीकडे वळवला. रिकाम्या पाण्यात फिल्टरचे बुडबुडे वर येत होते. त्याची सुट्टी संपेपर्यंत दोघं ते बघत राहिले.