दारावरची रिबीन

"सगळ्यात आधी हातातल्या पिशवीचं बघा," असं म्हणत मी माझी पिशवी टेबलावर पालथी केली. "मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात. त्या खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर घामेजलेल्या कपड्यांत बसणार का? एक जोड कपडे, औषधं, चष्मा, ब्रश, सगळं हातातल्या पिशवीत. आणि ती पिशवी स्वतःच्या हातात, नवऱ्याच्या नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. बायका आधी हसल्या, नवरे जरा उशिरा.

हॉल कसला, दुकानावरची एक लांबट खोली. घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर निळ्याशार समुद्राची चित्रं. जहाजाच्या सहलीला निघणाऱ्या प्रत्येक गटासाठी सहलवाली इथे एक बैठक ठेवते आणि अनुभवी प्रवासी म्हणून मला बोलावते. अनुभव म्हणाल तर एकाच सहलीचा. हे निवृत्त झाले तेव्हा धाकट्या लेकीने हट्टाने आम्हा दोघांना जहाजावर धाडलं होतं. पण परतीच्या बसमध्ये कुणाचं काय चुकलं यावर मी सगळ्यांची अशी शाळा घेतली की उतरताना सहलवालीने माझा नंबरच मागून घेतला. "काकू, तुम्ही आधी बोललात की लोक नंतर माझ्याशी भांडत नाहीत," असं ती म्हणते. मला बोलायला आवडतं, आणि लोक ऐकायला लागले की मला चेव येतो.

हे शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते. मांडीवर माझी पर्स. यांना घरी एकटं ठेवून मी आता कुठे जात नाही. पर्स हातात देऊन "एवढी सांभाळा हं," म्हटलं की हे जागचे हलत नाहीत. ही युक्ती माझी मीच शोधून काढली आहे, कुठल्या डॉक्टरने सांगितलेली नाही.

"खोली कुठली घ्यावी हो काकू?" नव्यानेच लग्न झालेल्या एका मुलीने विचारलं.

"मधली आणि खालची. वरून समुद्र छान दिसतो, पण जहाज हललं की वरचे जास्त हलतात. पोटात ढवळायला लागलं तर आल्याचा तुकडा चघळायचा, कोरडा पाव खायचा, आणि पांघरूण घेऊन खोलीत पडून राहायचं नाही. बाहेर येऊन लांब क्षितिजाकडे बघत बसायचं. पोट आपोआप शहाण्यासारखं वागायला लागतं."

"आणि जेवणाचं?"

"पहिल्या दिवशी अख्खं जहाज वरच्या मजल्यावर ताटल्या घेऊन रांगेत उभं असतं, जसं काही उद्या चूलच पेटणार नाही. तुम्ही गुपचूप खालच्या जेवणघरात जा. तिथे बसवून वाढतात. आणि एक, जहाजाचं घड्याळ पाळा. किनाऱ्यावर उतरलात की फोन तिथली वेळ दाखवायला लागतो. त्याच्या नादी लागू नका. जहाज कुणाच्या सासऱ्यासाठीसुद्धा थांबत नाही. आमच्या वेळी एक जोडपं खरेदीच्या पिशव्या सांभाळत धक्क्यावरून पळत येत होतं आणि आम्ही वरून टाळ्या वाजवत होतो."

मग मी लोहचुंबकाचा हूक आणि लाल रिबीन वर धरली. हे माझं हुकमी पान. ते मी शेवटी काढते.

"जहाजाच्या भिंती लोखंडाच्या, दारंही लोखंडाची. हे हूक कुठेही चिकटतात. टोप्या अडकवा, ओले कपडे वाळत घाला. पण एक हूक दाराला बाहेरून लावायचा आणि त्याला अशी रिबीन बांधायची. का? कारण मी हरवले होते."

खुर्च्या पुढे सरकल्या.

"संध्याकाळी वर गार वारा सुटला म्हणून स्वेटर आणायला खाली गेले. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे सारखी दारं, सारखा रंग. गालिच्यावर मासे काढलेले. त्यांची तोंडं जिकडे, तिकडे जहाजाचं पुढचं टोक. मी आपली माशांच्या मागे मागे. गेले भलत्याच मजल्यावर आणि वाजवलं भलतंच दार. आत परके नवरा-बायको, झोपायच्या कपड्यांत. आणि मी त्यांनाच दटावतेय, माझ्या खोलीत तुम्ही काय करताय म्हणून."

लोक डोळे पुसत हसले. पुढच्या रांगेतले निवृत्त मॅनेजर मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "बायकांना दिशाच कळत नाहीत. आमच्याकडेही तीच कथा."

"हो ना," मी म्हटलं, "मला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायलासुद्धा नकाशा लागतो."

तो शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. शेवटच्या रांगेकडे पाहिलं. हेही हसत होते, अगदी मनापासून. मग मीही हसले.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात कधी रस्ता चुकलेले नाही. हरवले ते हे.

हे वीज कंपनीत मीटर रीडिंग घ्यायचे. सगळा जन्म लोकांचे जिने चढण्यात गेला. कुठल्या इमारतीत मीटर जिन्याखाली, कुठे कपाटामागे, कुठल्या घरात कुत्रं बांधलेलं असतं आणि कुठल्या घरात पाणी विचारतात, सगळं यांना तोंडपाठ. नवा माणूस कामाला लागला की साहेब त्याला यांच्याबरोबर पाठवायचे. ऑफिसात यांना नावाने कुणी हाक मारलीच नाही. सगळे 'नकाशा' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी केकवरसुद्धा तेच लिहिलं होतं, आणि आमचे नकाशेसाहेब तो केक कापताना नव्या नवरदेवासारखे लाजले होते.

तर जहाजावर त्या संध्याकाळी माझा स्वेटर आणायला हे गेले. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही. कठड्याशी उभी होते ती धावत खाली गेले. आमची खोली बंद होती. मग मी एकेक मजला पालथा घालत सुटले. दोन मजले खाली एका उघड्या दारात हे उभे दिसले. आत एक परदेशी जोडपं, त्यांना यांचं एक अक्षर कळत नव्हतं. आणि हे कमरेत किंचित वाकून, कामावर असताना बोलायचे तसंच अदबीने म्हणत होते, "मीटर कुठंशी आहे? रीडिंग घ्यायला आलोय."

त्या भल्या माणसाने यांच्यासाठी कपाटसुद्धा उघडून दाखवलं होतं.

मी यांचा हात धरला. हात थंडगार पडला होता. मी काही विचारलं नाही, रागावले नाही. नुसतं म्हटलं, "चला, वर वारा छान सुटलाय." जिन्यात आल्यावर हे थांबले. चेहऱ्यावरून कळत होतं की भानावर आले आहेत. म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. लोक काय म्हणतील, नकाशा हरवला."

"नाही सांगणार."

"बघ हं."

"सांगितलं ना, नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी जेवताना आमच्याच गटातल्या एका बाईंनी विचारलं, काल तुम्ही दोघं घाबरेघुबरे दिसलात, काय झालं होतं? माझ्या तोंडून पटकन निघालं, "मी हरवले होते हो. हे मला शोधत होते." टेबलाखाली यांनी माझा हात घट्ट दाबला. मग काय, ती गोष्ट माझीच झाली. दर बैठकीत मी तिला थोडं मीठमसाला लावत गेले. झोपायचे कपडे माझ्या पदरचे, दटावणंही माझ्या पदरचं. मीटर तेवढं गाळलं. धाकटी आणि डॉक्टर सोडले तर आजवर कुणाला ताकास तूर लागू दिलेली नाही. बैठक संपली की जिना उतरताना हे हळूच म्हणायचे, "आज जास्तच वेडी झालीस माझ्यासाठी." तेवढ्यासाठी मी शंभर लोकांसमोर वेडी व्हायला तयार होते. अजूनही आहे.

बैठक संपली. चहा-बिस्किटं सुरू झाली. मी टेबलावरचा पसारा आवरत होते, तेवढ्यात एक बाई जवळ येऊन उभी राहिली. पायांत पांढरे बूट, ड्यूटीवरून तशीच आलेली. मघाशी सगळे हसत असताना ही हसली नव्हती, ते माझ्या लक्षात आलं होतं.

"काकू, एक विचारू? मी नर्स आहे. आईला घेऊन जायचं म्हणतेय. तिला समुद्र बघायचाय कधीपासून."

"मग घेऊन जा की."

"ती हल्ली विसरते." बोलताना तिने कप उगाच फिरवला. "घर विसरते. कधी कधी मलाच बाई, तुम्ही कोण, म्हणते. उद्या नावं द्यायचीत. भाऊ म्हणतो, उगाच धोंडा पायावर पाडून घेऊ नकोस. तुमची ती रिबीन... ती बघून माणसाला दार खरंच ओळखू येतं का?"

"येतं ना. मला आलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "काकू, राग मानू नका. पण खरं हरवलेलं माणूस असं रंगवून सांगत नाही. त्याला ते धड आठवतच नाही."

बोलायला कधी न अडणारी मी, पिशवीची चेन लावत उभी राहिले. हिला खोटं सांगून कसं चालेल? हिच्या आईचा प्रश्न होता. आणि खरं सांगावं तर जिन्यातला तो शब्द. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलं ते एवढंच. मी शेवटी मनाशी ठरवलं, यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने हिला सांगायचं. तिचा दंड धरून तिला खिडकीशी नेलं आणि म्हटलं, "हे बघ बाळ..."

"झालं का तुझं?" मागून आवाज आला. हे माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. "उजेड आहे तोवर निघू या. नंतर तुला रस्ता सापडत नाही."

नर्सकडे बघून हे हसले. "हिला एकटं सोडून चालत नाही. मघाशी सांगत होती ना, जहाजावर हरवली होती. मी सगळे मजले पालथे घातले. दोन मजले खाली एका दारात उभी. हात कसा, बर्फासारखा."

वा, मी मनात म्हटलं, आज स्वारीही नाटकात उतरली. मी यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा शोधला. तो नव्हता. काळजी होती. माझी काळजी. यांना खरंच तसं आठवत होतं.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. कपबशी खिडकीत ठेवून तिने यांनाच विचारलं, "मग काका, तुम्ही सांगा. माझी आई पण अशीच हरवते. नेऊ का तिला जहाजावर?"

"ने की," हे लगेच म्हणाले. "का नाही न्यायचं? हात तेवढा सोडू नकोस. आणि हरवलीच, तर सापडल्यावर रागावू नकोस. काही विचारू पण नकोस. माणसाला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं. मी हिला एक शब्द बोललो नाही. नुसतं म्हटलं, चला, वर वारा छान सुटलाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

"नेते मग," नर्स म्हणाली. मी मुठीतला हूक आणि रिबीन तिच्या हातात ठेवली. तिने ती आपल्या पर्समध्ये नीट ठेवली आणि यांना वाकून नमस्कार केला. हे गडबडले. "अगं, असू दे असू दे," म्हणाले.

जिना उतरताना मी जरा रेंगाळले. दरवेळचं ते वाक्य येतं का, याची वाट बघत होते. आलं नाही. हे पुढच्या पायरीवर थांबले आणि हात मागे करून म्हणाले, "धर. घाबरू नकोस."

मी धरला. ज्यांना शब्द दिला होता त्यांनाच तो आता आठवत नव्हता. यापुढे तो मी एकटीने पाळायचा होता. रडू येत होतं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटत होतं. माझा नकाशा आता कधीच हरवला नव्हता.

आमच्या इमारतीचे सगळे मजले एकसारखे आहेत. तोच पिवळा रंग, त्याच लोखंडी जाळीची दारं. जहाजावरून आल्यावर मी आमच्या जाळीला तसाच हूक लावला आणि रिबीन बांधली. शेजारीण विचारते तेव्हा सांगते, शोभेला आहे.

हे पुढे, मी मागे. प्रत्येक मजल्यावर हे थांबत, दारं बघत, आणि मान हलवून वर चढत. आमच्या मजल्यावर आल्यावर यांचा चेहरा उजळला.

"ही बघ लाल रिबीन. आलं आपलं घर."

"बरं झालं बाई तुम्ही होतात," मी म्हटलं. "मी तर वरच गेले असते."

"म्हणून तर बांधलीय," हे म्हणाले. पर्स माझ्या हातात दिली. मी किल्ली शोधेपर्यंत हे जाळीसमोर वाकले आणि सैल झालेली रिबिनीची गाठ सोडून, जपून, पुन्हा घट्ट बांधू लागले.